कालौसचे पाय

आमचे अप्पा प्रत्येक गोष्टीला गुण देतात, दहापैकी. अप्पा म्हणजे माझे सासरे, देवदत्त. मिरजेच्या शाळेत पीटीचे सर होते आणि जन्मभर मल्लखांबाच्या स्पर्धांना पंच म्हणून हिंडले. शाळा सुटून जमाना झाला, पण आतला पंच काही निवृत्त व्हायला तयार नाही. सकाळचा चहा आठ. आमटी साडेसात, कारण मीठ मागाहून घातलंय. सिंगापुरातल्या आमच्या बुकित पंजांगची ती चिमुकली एलआरटी गाडी फलाटाला अलगद लागली तर नऊ, हिसका देऊन थांबली तर सात. ब्लॉकखालच्या व्यायामाच्या कोपऱ्यात सकाळी चिनी आजोबा बारला लोंबकळतात, त्यांनाही हे बोटांनी गुण दाखवतात. त्या लोकांना त्याचं इतकं कौतुक की ते ह्यांना ‘जज अंकल’ म्हणतात. दहा मात्र आजवर कुणालाच मिळालेले नाहीत. मला एकदा पुरणपोळीला साडेनऊ मिळाले होते, पण तेव्हा ते तापातून उठले होते, त्यामुळे मी ते धरत नाही.

तर हेड्विकाच्या आजोबांना जेवायला बोलावलं तेव्हा मी आधी अप्पांना दम भरला. म्हटलं, त्या माणसापुढे गुण-बिण काही काढायचे नाहीत. काढलेत तर तुमच्या नातवाचं लग्न मोडेल, आणि मग मी आहे आणि तुम्ही आहात.

ह्यात अतिशयोक्ती काही नव्हती. हेड्विका आमच्या वरुणची होणारी बायको. झेक आहे, इथल्या विद्यापीठात बॅटऱ्यांवर संशोधन करते. पोरगी गुणाची आहे, हे मी तोंडावर सांगत नाही, पण आहे. तिचे वडील ती लहान असतानाच घर सोडून गेले, आई कारखान्यात पाळ्या करायची, आणि हिला वाढवलं ते आजोबांनी. वेण्या घालण्यापासून गणितापर्यंत सगळं त्यांनीच. तिच्या भाषेत आजोबा म्हणजे ‘डेडा’. दिवसातून पन्नास वेळा डेडा. डेडा असं म्हणतो, डेडा तसं करतो. वरुणचं नाव तेवढ्या वेळा घेत असेल असं मला वाटत नाही.

हे डेडा म्हणजे बोहुमिर कालौस. आपल्याला नाव ठाऊक असायचं कारण नाही, पण त्यांच्या देशात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ते स्की जंपर होते. म्हणजे पायाला लांबलचक पट्ट्या बांधून बर्फाच्या उंच घसरगुंडीवरून सुसाट खाली यायचं, टोकाशी आलं की हवेत झेपावायचं, आणि पाखरासारखं तरंगत पार खाली जाऊन उतरायचं. अंतराचे गुण वेगळे आणि रूपाचे वेगळे. रूपाचे गुण द्यायला पंच बसलेले असतात. हे मला वरुणने सांगितलं. पंच म्हटल्यावर आमच्या घरात काय होईल ते मला दिसत होतं.

तरुणपणी कालौसांनी देशातल्या सगळ्या स्पर्धा जिंकल्या. पुढे पोरं तयार केली. त्यांच्या गावातल्या उड्यांच्या टेकडीला त्यांचंच नाव आहे. पण लोकांना ह्यातलं काही आठवत नाही. लोकांना आठवते ती एकच उडी. एका जागतिक स्पर्धेत शेवटची उडी ह्यांची होती, आणि ती त्या दिवसातली सगळ्यात लांब पडली. नुसतं नीट उतरले असते तरी पहिले होते. त्या खेळात उतरताना एक पाय पुढे आणि एक मागे ठेवायचा असतो, ती त्यांची रीत. हे दोन्ही पाय जुळवून उतरले. रूपाचे गुण कापले गेले, आणि अर्ध्या गुणाने पहिला नंबर हुकला.

झालं. तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी हातातोंडाशी आलेलं घालवलं की म्हणतात, कालौसचे पाय. परीक्षेत नापास झालेल्या पोराला म्हणतात, फुटबॉलमध्ये पेनल्टी चुकवणाऱ्याला म्हणतात. दुकानात पाव घ्यायला गेलं तरी कुणीतरी खांद्यावर हात ठेवून विचारणार, बोहुमिर, एक पाय पुढे टाकायला काय झालं होतं रे? घाबरलास का? पन्नास वर्षं हेच. एकदा एका वार्ताहराला त्यांनी खरं कारण सांगून पाहिलं, तर छापून आलं की म्हातारा आता सबबी सांगतो. त्या दिवसापासून त्यांनी त्या उडीबद्दल तोंड उघडलं नाही, आणि तिची फिल्मही कधी पुरी पाहिली नाही.

पुढचं ऐका. हेड्विकाच्या मावसबहिणीच्या लग्नात कुण्या शहाण्याने गंमत म्हणून ती फिल्म मोठ्या पडद्यावर लावली. सगळा हॉल हसला. कालौस ताटावरून उठले ते घरी गेले, आणि तेव्हापासून कुठल्याही लग्नाला, बारशाला, कशालाही गेले नाहीत. हेड्विकाच्या लग्नालाही थांबणार नव्हते. सिंगापूरला येतो, मुलाकडची माणसं बघतो, आशीर्वाद देतो, आणि लग्नाआधी परत जातो, असं ठरवूनच आले होते. कारण लग्नाला इथली झेक मंडळीही येणार होती, आणि त्यातला एक तरी विचारणारच.

आमच्याकडे परदेशी मुलगी सून म्हणून आली की इथल्या महाराष्ट्र मंडळातलं एखादं जोडपं तिचे आईबाप होऊन कन्यादान करतं. इथे ही पद्धतच पडून गेलीये. जवळच्याच चोआ चू कांगमध्ये राहणारी माझी मैत्रीण मीनल आणि तिचा नवरा प्रबोध तयारच होते, मीनलने साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण हेड्विकाने शांतपणे सांगितलं की डेडा थांबला नाही तर विधी नको, नुसती रजिस्टरवर सही करू. म्हणाली, काकू, ज्याने मला वाढवलं तो तिथे नसेल आणि दुसरंच कुणी माझा हात देईल, हे मला जमायचं नाही. मला राग आला आणि पुढच्याच क्षणी पटलंही. मुलगी बरोबर बोलत होती. पण मला एकच मुलगा आहे, आणि त्याच्या डोक्यावर अक्षता पडायला हव्यात. त्यासाठी तो म्हातारा थांबायला हवा होता. एवढंच माझं म्हणणं.

म्हणून मी घरात कायदा केला. खेळाचं नाव काढायचं नाही. बर्फाचंही काढायचं नाही. पद्माकरला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, वेगळं बजावलं, कारण घरात नामांकित माणूस येणार म्हटल्यावर ह्याला कधी एकदा मंडळाच्या ग्रुपवर टाकतो असं झालं होतं. बिचाऱ्याने ग्रुपवर टाकलं नाही. पण ऑफिसमधून आल्यावर टीव्हीवर यूट्यूब लावून ती उडी मात्र पुन्हा पुन्हा बघितली, आणि हे मला सांगितलं नाही.

शनिवारी दुपारी कालौस आले. उंच, सडसडीत, पाठ ताठ, गुडघे मात्र कुरकुरणारे. हातात गोल पातळ बिस्किटांचा डबा. दारात बूट काढताना त्यांनी भिंतीला हात लावला नाही, एका पायावर उभं राहून दुसरा बूट काढला. अप्पांचे डोळे चमकलेले मी पाहिले. माझ्याकडे बघून त्यांनी ओठ मिटून घेतले. नऊ होते ते, मला न बोलता कळलं.

जेवण छान झालं. मी लिटिल इंडियातून केळीची पानं आणली होती. वरणभात, अळूचं फदफदं, बटाट्याची भाजी, जिलबी. कालौसांना इंग्रजी जेमतेम, अप्पांना त्याहून जेमतेम. अप्पा मराठीत बोलायचे, वरुण इंग्रजीत सांगायचा, हेड्विका झेकमध्ये. उत्तर त्याच वाटेने परत. दोघांनी एकमेकांची गुडघेदुखी विचारली, औषधं विचारली, बायका कधी गेल्या ते विचारलं. कालौसांनी फदफदं दुसऱ्यांदा मागून घेतलं. हेड्विका हळूहळू सैल बसली. मला वाटलं, जमतंय.

पानं उचलून मी आत गेले आणि तेवढ्यात अप्पांना हुक्की आली. पाहुणा घरी आला की त्याला आपले मल्लखांबाचे व्हिडिओ दाखवायचे, हा त्यांचा नेम आहे. मी खेळाचं नाव काढू नका म्हटलं होतं, पण मल्लखांब हा खेळ आहे असं त्यांना वाटतच नाही, ती त्यांना विद्या वाटते. रिमोट घेऊन त्यांनी टीव्ही लावला. पडद्यावर ओळीने चौकोन आले. त्यात मल्लखांबाच्या शेजारीच पद्माकरची करणी होती: पांढराधोप बर्फ, आणि हवेत आडवा झालेला एक माणूस. त्या उडीची गोष्ट अप्पांना कुणी सांगितलीच नव्हती, त्यांना तो कोण ते काय माहीत. त्यांनी एवढंच पाहिलं की कुणीतरी हवेत आहे आणि आता उतरणार आहे. दाबलं.

बाहेर आले तेव्हा टीव्हीवर बर्फ होता. हेड्विकाने तोंडावर हात ठेवला होता. वरुण रिमोट शोधत होता, आणि रिमोट अप्पांच्या मांडीखाली. पद्माकर माझ्याकडे बघत नव्हता, त्यावरून करणारा कोण ते मला कळलं. पडद्यावर आधी दुसराच एक उडी मारत होता, त्या दिवशी जिंकलेला. तो उतरला, एक पाय पुढे, एक मागे, हात पसरून. तिथला निवेदक वाहवा करत होता.

“सहा,” अप्पा म्हणाले. “पाय फाटले.”

मी कपाळाला हात लावला. मल्लखांबात खांबावरून उडी टाकली की दोन्ही पाय जुळवून जमिनीवर यायचं, गुडघ्यात थोडं झुकायचं आणि ताठ उभं राहायचं. पाय सुटले की गुण कापले. अप्पांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं, आणि हे बर्फावरचंही त्याच मापाने मोजायला बसले होते. जगज्जेत्याला सहा गुण. आता ह्यांचे किती देणार आणि काय बोलणार, ह्या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

पडद्यावर कालौस आले. आणि इथे आमच्या खोलीतले कालौस उठले. चेहरा पांढरा पडला होता. दाराकडे वळले. हेड्विका मागोमाग उठली. मला कळून चुकलं की हा माणूस आता जाणार, उद्याच्या विमानात बसणार, आणि अक्षता डब्यातच राहणार. मी काहीतरी बोलणार एवढ्यात अप्पांनी पडद्यावरची नजर न काढता हात वर केला, तळवा पुढे. स्पर्धेत गुण देऊन होईपर्यंत खेळाडूने जागा सोडायची नसते, तेव्हा पंच करतात तसा. आणि काय सांगू, कालौस थांबले. जन्मभर पंचांपुढे उभा राहिलेला माणूस, पाय आपोआप थांबले असतील.

उडी संपली. अप्पांनी ती मागे नेऊन पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावली. मी म्हटलं, अप्पा, पुरे. ऐकतील तर शपथ. मग ते वळले आणि नातवाला म्हणाले,

“ह्यांना सांग, साडेनऊ. पाय उत्तम. अर्धा कापला तो हाताचा. खाली यायच्या जरा आधी डावा हात अंगापासून सुटलाय.”

 मी वरुणकडे डोळे वटारून नको नको म्हणत होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, अप्पांकडे पाहिलं, आणि जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. हेड्विकाने ते झेकमध्ये सांगायला सुरुवात केली, पण हातापर्यंत आली आणि शब्द सोडून दिले. तिने नुसता आपला डावा हात अंगापासून थोडा दूर नेऊन दाखवला.

 कालौस दारापासून परत आले आणि अप्पांच्या शेजारी सोफ्यावर बसले. पडद्याकडे बोट करून काहीतरी म्हणाले. हेड्विका म्हणाली, पुन्हा लावा म्हणतोय. अप्पांनी लावली. ह्या वेळी कालौसांनी स्वतः रिमोट घेतला आणि नेमक्या जागी थांबवली. हवेतला माणूस, आणि डावा हात अंगापासून जरासा सुटलेला. मी सतरांदा बघितलं असतं तरी मला दिसला नसता. पद्माकरलाही दिसला नव्हता, आणि ह्याने तर किती वेळा बघितली होती देव जाणे.

मग ते बोलले. तुटक तुटक बोलले, आणि हेड्विका डोळे पुसत सांगत गेली. वाऱ्याचा झोत आला आणि हात सुटला. हात सुटला तसा तोल गेला. एक पाय पुढे टाकला असता तर तिथेच कोलमडलो असतो, मान मोडली असती. म्हणून पाय जुळवले. घाबरलो नव्हतो. उभं राहायचं होतं म्हणून जुळवले. पन्नास वर्षं सगळी दुनिया पाय बघतेय. हात कुणीच बघितला नाही.

वरुणने त्यातलं वाऱ्याचं आणि तोलाचं तेवढं अप्पांना मराठीत सांगितलं. अप्पांना त्यात नवल काहीच वाटलं नाही. ते म्हणाले, ते दिसतंयच की, हात सुटल्यावर असे पाय जुळवून उभं राहायला छाती लागते, म्हणून तर साडेनऊ दिले. मग त्यांनी विचारलं की पडद्यावरचे हे गृहस्थ कोण, ह्यांच्या ओळखीतले का?

वरुणने सांगितलं, अप्पा, हेच ते.

अप्पांनी एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा शेजारी पाहिलं. मग उठून उभे राहिले, छातीशी हात जोडले आणि मान झुकवली. कालौसही गुडघ्यांवर हात टेकत उठले आणि त्यांनीही तसेच हात जोडले. मला रडू कोसळलं. लपवण्यात अर्थ नव्हता, त्यामुळे लपवलंही नाही. स्वयंपाकघरात गेले तर हेड्विका मागून आली आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली की काकू, डेडाला ती उडी शेवटपर्यंत बघताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

निघताना कालौसांनी चौकटीला हात न लावता बूट घातले. मग हेड्विकाला काही विचारलं. ती म्हणाली, डेडा विचारतोय, लग्नात त्याला नक्की काय काय करायचं असतं? तालीम करून घ्याल का, म्हणतोय, उभं कसं राहायचं ते आधी कळलं पाहिजे.

मी म्हटलं, सांगते की, बसा परत.

मीनलला फोन करून साडी कपाटात ठेव म्हटलं. आजी हयात नाही तर कसं करायचं म्हणून गुरुजींना विचारलं, ते म्हणाले, सुपारी मांडून करू, काही अडत नाही. लग्नापर्यंत दोघे म्हातारे रोज सकाळी ब्लॉकखाली व्यायामाच्या कोपऱ्यात बसायचे, भाषा एकमेकांची येत नसताना. बारला लटकणाऱ्या चिनी आजोबांना आता दोन पंच झाले. दोघांचे गुण जुळत नसत, आणि त्यावरून त्यांची बोटांनीच वादावादी चालायची.

लग्न लागलं. कालौसांनी कन्यादान केलं, पाण्याची धार सोडताना हात जराही हलला नाही. जेवणाच्या वेळी ज्याची भीती होती तेच झालं. हेड्विकाच्या प्रयोगशाळेतला एक झेक माणूस, थोडी बिअर पिऊन आलेला, ताट घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि हसत हसत विचारू लागला. मला भाषा कळत नाही, पण त्याने खाली पायांकडे बोट केलं, त्यावरून कळलं. हेड्विका बोहल्यावरूनच ताठ झाली. मी ताट ठेवून निघाले, त्या माणसाला दारापर्यंत पोचवायच्या तयारीनेच.

कालौसांनी हातातली जिलबी खाली ठेवली. पायांकडे बघितलंही नाही. डावा हात वर करून त्या माणसाच्या नाकासमोर धरला आणि आमच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मराठीत म्हणाले,

“हात. पाय उत्तम.”

तो माणूस भांबावून बघतच राहिला. कालौसांनी अप्पांकडे बोट दाखवलं, आणि अप्पांनी शांतपणे मान डोलावली. मग मठ्ठ्याचा घोट घेतला आणि मला हळूच म्हणाले, मठ्ठा आठ, कोथिंबीर जास्त झालीये.